दुसऱ्यांदा त्याच गुहेत

*तुम्ही विचारा: एका संकलकाची उत्तरं*

या महिन्याच्या टपालात भयपटांवरची पत्रं एवढी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेकांचं दुखणं एकच: पहिल्या भागानं झोप उडवली आणि दुसऱ्यानं नुसता विरस केला. माझं आयुष्य सिनेमाच्या संकलनाच्या टेबलावर गेलं आणि त्यातली काही वर्षं अशाच कमी पैशांतल्या भयपटांवर गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. दोन्ही सिनेमांचे शेवट खाली सांगितलेले आहेत. ज्यांना आधी सिनेमे पाहायचे असतील त्यांनी पान दुमडून ठेवावं.

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर वर्षी पावसाळा सरला की सांदण दरीत उतरतो. गेल्या महिन्यात एकाच्या घरी रात्री 'द डिसेंट' पाहिला. संपला तेव्हा कोणी बोलेना, पाणी प्यायला उठायचीही कोणाची तयारी नव्हती. त्याच भरात 'द डिसेंट : पार्ट २' लावला. अर्ध्या तासात एक जण मोबाइल घेऊन बसला, दुसरा घोरायला लागला. मला फार वाईट वाटलं. मित्राचं म्हणणं, 'कमी पैशांतला सिनेमा, यापेक्षा काय होणार?' खरंच पैशांमुळे बिघडला का? — एक ट्रेकर, नाशिक

मित्राला सांगा, पैशांमुळे नाही. पहिला भागही काही श्रीमंतीत झालेला नव्हता. २००५ चा हा ब्रिटिश सिनेमा साधारण ३५ लाख पौंडांत उभा राहिला. तिकडच्या हिशेबानं ही रक्कम तुटपुंजीच.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सहा मैत्रिणी अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांत गुहेत उतरतात. त्यांतल्या सेराचा नवरा आणि लहान मुलगी वर्षभरापूर्वी अपघातात गेलेत. तिचं मन रमावं म्हणून हा बेत. पण जूनो नावाची मैत्रीण कोणालाही न सांगता सगळ्यांना नकाशावर नसलेल्या गुहेत घेऊन जाते. वाट ढासळते. मग कळतं की आत आणखी कोणीतरी राहतं: पांढरीफटक, आंधळी, आवाजाच्या मागावर येणारी माणसासारखी जनावरं.

खऱ्या गुहेत चित्रीकरण धोक्याचं म्हणून दिग्दर्शक नील मार्शल यांनी गुहा लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत बांधून घेतल्या. गुहेत प्रकाश कुठून येणार? त्या मुली जो सोबत नेतील तेवढाच. हेल्मेटवरचा दिवा, हातातली लाल मशाल, मोडली की हिरवी चमकणारी कांडी, व्हिडिओ कॅमेऱ्याचा छोटा पडदा. जवळजवळ सगळी फ्रेम काळी आणि मध्ये एक उजेडाचा ठिपका. संकलकाच्या नजरेतून सांगायचं तर अशी फ्रेम म्हणजे देणगी असते. भिंत दोन हातांवर आहे की वीस, प्रेक्षकाला कळत नाही. पुढचा कट कुठल्या बाजूनं येईल याचा त्याला अंदाज लागत नाही आणि तो खुर्चीत आखडून बसतो.

तुम्ही दरीत उतरणारे आहात म्हणून विचारते. तुमच्यातलं कोणी ना कोणी कधीतरी अरुंद जागी अडकलं असेलच ना? सेरा त्या चिंचोळ्या बोगद्यात अडकते तो प्रसंग आठवा. तिथे जनावर नाही, रक्त नाही. एक बाई पोटावर पडलेली आहे, तिला पुढेही सरकता येत नाही आणि मागेही. श्वास लहान लहान होत जातो. मैत्रीण समोरून तिच्याशी बोलत राहते, शांत आवाजात, काहीबाही. मग माती खाली येऊ लागते. हा प्रसंग मी टेबलावर फ्रेम-फ्रेम करून पाहिलाय, निव्वळ शिकण्यासाठी. भीतीचा पाया तिथे घातला गेलाय. जनावर नीट दिसायला अर्धा सिनेमा जावा लागतो, तोवर आपण आधीच घुसमटलेले असतो.

एक गोष्ट मला फार आवडते. ती जनावरं झालेल्या नटांना मेकअपमध्ये त्या अभिनेत्रींच्या नजरेला मुद्दाम पडू दिलं नव्हतं. समोरासमोर आले ते थेट कॅमेरा सुरू असताना. याला पैसा लागत नाही. सेटवर गुपित राखायची शिस्त लागते.

आता 'पार्ट २'. तो आला २००९ च्या डिसेंबरमध्ये आणि दिग्दर्शक होते जॉन हॅरिस, म्हणजे पहिल्या भागाचे संकलक. ही बातमी वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आमच्यापैकी एकाला खुर्ची मिळाली होती, आणि तीसुद्धा त्याच सिनेमाची, ज्याची भीती त्यानं स्वतःच्या हातानं कापून-जोडून घडवली. छायाचित्रण सॅम मॅकर्डी यांचंच, संगीत डेव्हिड जूलियन यांचंच, गुहांचे सेट सायमन बोल्स यांचेच. खुद्द मार्शल कार्यकारी निर्माते. म्हणजे माणसं तीच, जागा तीच. म्हणूनच तुमची निराशा मला समजते, माझीही तेवढीच झाली होती.

बिघडलं ते कागदावर, म्हणजे पटकथेत. दोन दिवसांनी सेरा गुहेबाहेर सापडते, रक्तानं माखलेली, काहीही न आठवणारी. बाकीच्या मुलींचा पत्ता नाही म्हणून शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, तिला हॉस्पिटलमधून थेट पुन्हा गुहेत घेऊन जातो. तुम्ही डोंगरातली माणसं, मला सांगा, कुठलं बचाव पथक असं करेल? आपल्याकडे घाटात कोणी पडलं की कामधंदा टाकून धावून जाणारी पोरं आहेत. त्यांच्यातला अगदी नवखा मुलगाही अशा अवस्थेतल्या बाईला दोराला बांधून खाली सोडणार नाही. प्रेक्षकाचं मन तिथेच सिनेमाचा हात सोडतं आणि मग कितीही किंकाळ्या मारा, ते परत येत नाही.

पुढचं दुखणं माहितीचं. पहिल्या भागात खाली काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मुलींना नाही आणि आपल्यालाही नाही. दुसऱ्या भागात आपल्याला सगळं ठाऊक आहे आणि पात्रांना काही नाही. मग आपण काय करतो? वाट बघत बसतो, यांना कधी कळणार याची. मैत्रिणींचा तो व्हिडिओ कॅमेरा गुहेत सापडतो आणि त्यावर आधीचं चित्रण पाहिलं जातं. म्हणजे जे आपण काळजात साठवून आणलं होतं तेच पुन्हा समोर ठेवलं जातं. शेरीफ पिस्तूल झाडतो, दगड कोसळतात. पिस्तूल घेऊन गुहेत उतरलेला माणूस आणि पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या सहा मैत्रिणी, यांच्या भीतीची जातच वेगळी.

आणि जूनो. माझ्या मते इथे सर्वांत मोठा घाव बसला. पहिल्या भागात सेरा जूनोच्या पायात कुदळ मारते आणि तिला त्या जनावरांपुढे सोडून निघून जाते. सुडाचं, दुःखाचं, माणूसपण गळून पडल्याचं ते एक कृत्य. सगळा सिनेमा त्या क्षणाकडे उतरत आलेला असतो, शीर्षकातली उतरण तीच. दुसऱ्या भागात जूनो जिवंत निघते. एकदा ती जिवंत आहे म्हटलं की सेरानं केलं ते अर्धंमुर्धं झालं. जे कृत्य फिरवता येत नाही तेच भीती देतं, आणि इथे तर ते फिरवून टाकलं.

उजेडाचंही बोलते. मला दुसरा भाग जास्त उजळ वाटला. जनावरं वारंवार आणि जवळून दिसतात, मारामाऱ्या नीट दिसतात. नीट दिसणं हे इतर सिनेमांत कौतुकाचं, इथे नुकसानीचं.

तरी सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. सेरा झालेल्या शॉना मॅकडॉनल्ड यांचा चेहरा पुन्हा पाहा. आठवण परत येते तेव्हा त्या ओरडत नाहीत, त्यांचे डोळे आधी थंड होतात. त्या एका बाईनं पहिल्या भागाचं ओझं दुसऱ्यात वाहून आणलंय. झोपलेल्या मित्राला तेवढा भाग तरी जागं करून दाखवा.

प्रश्न : पहिल्या भागाला दोन शेवट आहेत असं ऐकलं. मी पाहिला त्यात सेरा सुटते आणि गाडीतून पळते. मैत्रीण म्हणते ती सुटतच नाही. खरं कोणाचं? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर

दोघींचं खरं, फक्त तुम्ही दोघींनी वेगवेगळ्या प्रती पाहिल्या आहेत. तू पाहिलास तो अमेरिकेत २००६ मध्ये दाखवलेला शेवट. सेरा हाडांच्या ढिगावरून चढत बाहेर येते, गाडी पळवते, रस्त्याकडेला थांबून ओकते, आणि शेजारच्या सीटवर रक्ताळलेली जूनो दिसते. किंकाळी, संपलं.

मूळ ब्रिटिश सिनेमा त्या किंकाळीनंतरही चालू राहतो. सेरा डोळे उघडते तर ती गुहेतच आहे. पळणं, गाडी, ऊन, सगळं भासच होता. तिच्यासमोर तिची गेलेली मुलगी बसलेली दिसते, वाढदिवसाचा केक, त्यावर पेटलेल्या मेणबत्त्या. सेरा तिच्याकडे बघून हसते. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो, आणि कळतं की तिथे केक नाही की मुलगी नाही, जळती मशाल आहे, भोवती अफाट काळोख आहे, आणि जनावरांचे आवाज जवळ येतायत.

मला विचारशील तर हाच शेवट. आईला तिची मुलगी मिळाली आणि त्यासाठी तिला अंधारातच राहावं लागलं. पाहताना माझ्या पोटात कालवलं होतं. दुःख आणि भीती वेगळी काढता येऊ नयेत असा शेवट लिहायला धारिष्ट लागतं, आणि तो कापायला जेमतेम एक कट पुरतो. असे कट मीही दिलेत, सांगितलं म्हणून. त्याचं वाईट अजून वाटतं.

आता यातली मेख बघ. 'पार्ट २' उभा आहे तो या कापलेल्या शेवटावर. सेरा बाहेर आली असं धरल्याशिवाय ती दोन दिवसांनी सापडणार कशी? म्हणजे ज्यांनी मूळ सिनेमा पाहून तो मनात जपला त्यांना दुसरा भाग पहिल्याच मिनिटाला सांगतो की तुम्ही पाहिलंत ते घडलंच नाही. अशा प्रेक्षकाला पुन्हा जिंकून घेणं फार अवघड.

आणि 'पार्ट २' चा स्वतःचा शेवट? एक पोलीस अधिकारी बाई, रिओस, कशीबशी बाहेर येते. शेरीफच्या पथकाला खाणीच्या जुन्या लिफ्टनं खाली सोडणारा म्हातारा तिथे असतो. तो फावडं घेतो, तिच्या डोक्यात घालतो आणि तिला फरफटत पुन्हा गुहेच्या तोंडाशी आणून टाकतो. का? सिनेमा धड सांगत नाही. धक्का बसतो, पण तो खड्ड्यात गाडी आदळल्यासारखा, वळणावर दरी दिसल्यासारखा नाही.

प्रश्न : 'द डिसेंट'च्या श्रेयनामावलीत निर्माते म्हणून 'स्लमडॉग मिलेनियर'वाल्यांचंच नाव दिसलं. नावसाधर्म्य की तेच? — वसई

तेच. ख्रिश्चन कोलसन. 'द डिसेंट'चे दोन्ही भाग त्यांच्याच निर्मितीतले आणि मधल्या काळात, २००८ मध्ये, त्यांनी मुंबईत येऊन 'स्लमडॉग' केला. त्याला पुढच्या फेब्रुवारीत ८ ऑस्कर मिळाले. जॉन हॅरिस यांचीही गोष्ट 'पार्ट २' पाशी संपली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी कोलसन यांच्याच '१२७ अवर्स'चं संकलन केलं. दगडाखाली हात अडकलेल्या एकट्या माणसाचा तो सिनेमा. अडकणं, श्वास, चिंचोळी जागा, सगळं तेच, आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. मला त्याचा फार आनंद झाला होता. हात तयार होता, कागद चांगला मिळायला हवा होता.

प्रश्न : मी १९८४ साली 'पुराना मंदिर' रात्रीच्या खेळाला पाहिलेला माणूस. तेव्हापासून भयपट सोडत नाही. पण माझा अनुभव सांगतो, थोड्या पैशांतल्या भयपटाचा दुसरा भाग चांगला निघतच नाही. चूक असेन तर सांगा. — एक आजोबा, दादर

आजोबा, तुमच्या अनुभवापुढे मी लहान, पण एक उदाहरण ठेवते. जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. सुमारे १ लाख १४ हजार डॉलर, कृष्णधवल, पेनसिल्व्हेनियातलं एक शेतघर, आणि बाहेर चालत येणारी मेलेली माणसं. सिनेमा तुफान चालला, पण वितरकानं ऐन वेळी नाव बदललं तेव्हा नव्या नावाच्या पाटीवर हक्काची, म्हणजे कॉपीराइटची, ओळ टाकायची राहून गेली. त्या काळच्या कायद्यानं हक्कच गेला. ज्याला हवी त्यानं प्रत काढली, दाखवली, विकली. करणाऱ्यांच्या हाती त्यांचा वाटा आलाच नाही. आपल्या मेहनतीची अशी वासलात लागल्यावर दुसरा कोणी घाईनं भाग दोन काढून पैसे वसूल करायला धावला असता. रोमेरो दहा वर्षं थांबले.

१९७८ चा 'डॉन ऑफ द डेड' त्यांनी कुठे नेला? पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिलच्या एका खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये. दुकानं बंद झाली की रात्री चित्रीकरण, सकाळी दुकानं उघडायच्या आत आवराआवर. नाताळची सजावट लागली तेव्हा काम थांबवावं लागलं, कारण ती रोज काढून रोज लावणं परवडणारं नव्हतं. आणि कल्पना बघा: मेलेली माणसं मॉलमध्ये येतात ती सवयीनं, जिवंतपणी तिथेच यायची म्हणून. भीती तीच राहिली, पण घरातून निघून बाजारात आली आणि मोठी झाली. पहिल्या सिनेमाचं घर त्यांनी पुन्हा उघडलंच नाही.

दुसरं उदाहरण सॅम रेमी यांच्या 'इव्हिल डेड २' चं, १९८७ मधलं. त्यात जंगलातली झोपडी तीच, पण सूरच पालटला, भीतीत वेडसर हसू मिसळलं. तुम्ही पाहिला नसेल तर नातवंडांकडून लावून घ्या. बाकी तुमचं निरीक्षण बहुतेक वेळा खरं ठरतं, हे मी नाकारत नाही.

प्रश्न : 'ब्लेअर विच'च्या दुसऱ्या भागाबद्दल काय म्हणाल? — ठाणे

पहिला भाग १९९९ च्या जुलैत लोकांसमोर आला, दुसरा २००० च्या ऑक्टोबरमध्ये. सव्वा वर्षात लिहून, काढून, कापून, लावून मोकळे. तिथेच उत्तर आहे. पहिल्यात तीन मुलं, हातातला कॅमेरा, मेरीलँडचं जंगल आणि आठेक दिवसांचं चित्रीकरण होतं. चेटकीण एकदाही दिसत नाही. दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट पैसा मिळाला. दिग्दर्शक जो बर्लिंजर हे चांगले माहितीपटकार, त्यांना अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या लोकांबद्दलचा सिनेमा करायचा होता. पण रक्तपाताची दृश्यं नंतर घातली गेली, क्रम हलवला गेला, आणि हे आपल्या मनाविरुद्ध झालं असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. ज्याच्यापाशी सांगण्यासारखं काही आहे त्याच्या हातून कात्री काढून घेतली की असं होतं. त्यांच्याबद्दल मला वाईटच वाटतं.

प्रश्न : ताई, मी चिपळूणचा, वय २३. गेल्या वर्षी आजोबांच्या रिकाम्या घरात १८ मिनिटांचा भयपट केला. माजघराच्या बंद दारामागे कोणीतरी आहे, एवढीच गोष्ट. शेवटपर्यंत दार उघडत नाही. गावात देवळापाशी पडदा लावून दाखवला, बायका पोरांना घेऊन उठून गेल्या! आता एक ओळखीचे गृहस्थ ३ लाख रुपये देतायत, दुसरा भाग कर म्हणतात. अट एकच, या वेळी दार उघडायचं आणि भूत दाखवायचं. काय करू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. उत्तर द्यायच्या आधी तुला माझ्या टेबलावरची एक हकीकत सांगते.

नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईत मी एका कमी पैशांतल्या हिंदी भयपटाची साहाय्यक संकलक होते. त्यात एक हात होता. विहिरीच्या काठावर मागून येणारा, रबराचा, हिरवट रंगवलेला हात. रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, स्टीनबेक या संकलनाच्या यंत्रावर लावल्या तेव्हा माझ्या गुरूंनी रीळ थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. मनगटापाशी रबराची घडी दिसत होती, हातमोज्याला पडते तशी. त्यांनी तो शॉट १४ फ्रेम ठेवला. तेव्हा ३५ मिमीची फिल्म असायची, एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे फूटभरसुद्धा नाही. अर्ध्या सेकंदाच्या जरासा वर. डोळ्याला हात आहे एवढं कळायचं, घडी कळायच्या आत तो गेलेला असायचा. त्याआधी मात्र त्यांनी नुसती रिकामी विहीर जवळजवळ ११ सेकंद ठेवली होती. मी विचारलं, एवढी का? ते म्हणाले, भूत प्रेक्षकाला बनवू दे, आपण फक्त वेळ देऊ.

तालुक्याच्या एका टुरिंग टॉकीजमध्ये आम्ही तो सिनेमा लोकांत बसून पाहिला. विहीर आली, तंबू चिडीचूप झाला. हात आला आणि गेला. माझ्या पुढच्या बाईनं शेजारणीचा दंड एवढा घट्ट धरला की बांगडी फुटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सिनेमा चालला, म्हणून दोन वर्षांनी दुसरा भाग निघाला. गुरू तोवर आजारी पडले होते. काम माझ्याकडे आलं, माझं पहिलं स्वतंत्र काम. निर्माते रोज येऊन बसायचे. त्यांचं एकच पालुपद होतं: लोकांना हात आवडला, हात दाखवा. १४ चे २४ फ्रेम झाले, मग ४८, शेवटी ७२. पूर्ण तीन सेकंद, साडेचार फूट हात. मी नको नको म्हटलं, पण ठाम राहिले नाही. पहिलं काम हातचं जाईल अशी भीती होती. त्याच गावात, त्याच तंबूत सिनेमा लागला. दुसऱ्या सेकंदाला पुढच्या रांगेतला एक पोरगा मोठ्यानं ओरडला, "अरे, हातमोजा!" सगळा तंबू हसला. पुढच्या दीड तासात कोणी घाबरलं नाही. नट चांगला होता, विहीर चांगली होती, आवाज चांगला होता. त्या ७२ फ्रेमनी सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं. मी त्या रात्री एस.टी.त रडले होते.

म्हणून, बाळा, दार उघडू नकोस.

पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही, ३ लाख तुझ्यासाठी मोठी रक्कम आहे हे मला कळतं. त्या गृहस्थांना तोडू नकोस. त्यांना सांग की या वेळी प्रेक्षक दाराच्या अलीकडे नसेल, पलीकडे असेल. दार बंदच राहील, पण आपण माजघरात आहोत आणि बाहेर पडवीत कोणीतरी फिरतंय. हे मी उदाहरणादाखल म्हणते, तुला याहून चांगलं सुचेल, घर तुझं आहे. त्यांना काहीतरी नवीन हवंय, आणि त्यांच्या लेखी नवीन म्हणजे भूत. तू नवीन जागा दे. ऐकलं नाही तर मात्र पैसे परत कर आणि तुझा पहिला सिनेमा तसाच राहू दे. तो पूर्ण आहे.

पैसे घेतलेस तर एक लाख सरळ आवाजावर ठेव. कॅमेरा भाड्यानं आणताना सगळे भांडतात, आणि आवाजाला उरेल ते देतात. भयपटात हे उलटं हवं. एखादा अनुभवी ध्वनिमुद्रक चार दिवसांसाठी घरात राहायला ने. जुन्या लाकडी घराला रात्री आवाज असतात: तुळई तडकते, कौलांवरून काहीतरी सरकतं, न्हाणीघरात थेंब पडतो. दिवसाचं ऊन ओसरून लाकूड गार होऊ लागलं की सर्वांत जास्त. ते तिथेच मिळतील, विकतच्या संग्रहात नाहीत. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, पैसे राखून ठेव, आणि मिक्सिंगच्या आधी सिनेमा एकदा पूर्ण अंधारात, चित्र बंद करून नुसता ऐक. जिथे तुला कंटाळा येईल तिथे काप.

भुतापेक्षा त्या घरातल्या माणसावर जास्त वेळ घालव. दारापलीकडचा कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसेना का, अलीकडची बाई कोण आहे, तिचं काय हरवलंय, हे पहिल्या पाच मिनिटांत कळू दे. सेराची मुलगी जाते म्हणून ती गुहा आपल्याला लागते.

कट करताना अडलास तर रफ कट, म्हणजे कच्चा जोडलेला सिनेमा, मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी बघेन आणि खरं तेच सांगेन.

तुझ्या पत्रात विहिरीवरच्या लाकडी रहाटाचा उल्लेख आहे. त्याचा आवाज मात्र पटकथेची वाट न बघता याच आठवड्यात टिपून घे, पहाटे, गावात गाड्या सुरू व्हायच्या आत. पाऊस लागला, दोर आणि लाकूड भिजलं, की ते कुरकुरणं बदलतं, मग थेट दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.